तारमास्तरांची दारफाळणी

तारमास्तर फार चांगले होते असं कुणी म्हणालं की माझं डोकं फिरतं. इस्रायलातून अधूनमधून फोन येतात. तिकडे जाऊन म्हातारे झालेले आमच्या मंडळातले मुलगे गळा काढून म्हणतात, "काय देवमाणूस होता गं!" देवमाणूस कसला, डोंबल! हट्टी होते, तुसडे होते, आणि शनिवारी दुपारी जरा उशीर झाला की दारात उभं करून ठेवायचे. मला जेवढं त्यांनी रडवलं तेवढं माझ्या सख्ख्या बापानं रडवलं नाही. आणि तरी त्यांचं नाव निघालं की मी हातातलं काम टाकून ऐकत बसते. म्हणून तर जास्त राग येतो.

ते पालघर स्टेशनात तारेवर होते. येणाऱ्या तारा उतरवून घ्यायच्या आणि जाणाऱ्या पाठवायच्या, एवढंच काम. सगळं गाव त्यांना तारमास्तर म्हणायचं. आम्ही बेने इस्रायल, कोकणातले मराठी बोलणारे यहुदी. आमची माणसं मुंबईत, ठाण्यात, कुलाबा जिल्ह्यातल्या गावांत. पालघरच्या बाजूला जे होते ते सगळे बदलीवर आलेले. कुणी रेल्वेत, कुणी पोलिसात, कुणी जंगलखात्यात. एक घर इथे, तर दुसरं पार सफाळ्याला. एकमेकांचा पत्तासुद्धा नसायचा. त्या विखुरलेल्या घरांतली शिकणारी पोरं मास्तरांनी एकेक करून हुडकली, दर शनिवारी आपल्या खोलीवर बोलवायला लागले आणि त्या प्रकाराला नाव दिलं, बेने इस्रायल विद्यार्थी मंडळ.

मंडळाला अध्यक्ष नव्हता, चिटणीस नव्हता, घटना नव्हती. मोठ्या माणसांना तर मज्जावच होता. माझे वडील सरकारी दवाखान्यात कंपाउंडर. एकदा बिचारे हौसेनं माझ्याबरोबर आले, तर मास्तरांनी दारातच विचारलं, "आपण कितवीला?"

"अहो, मी हिला सोडायला..."

"सोडलीत ना? मग या आता. मोठी माणसं जमली की कमिटी होते. आणि कमिटी झाली की भांडणं होतात."

वडील घरी येऊन आठवडाभर हसत होते. मला मात्र लाजेनं मेल्यासारखं झालं.

मास्तरांना मी सापडले तीही गंमतच. वडिलांची बदली झाली आणि आम्ही पालघरला उतरलो. फलाटावर ट्रंका, वळकट्या, पिंप असा पसारा. आईच्या हातात मात्र एकच वस्तू होती, शुक्रवारी लावायचा काचेचा दिवा. तो तिनं कुणाला धरायला दिला नव्हता. समोरून पांढरी पॅण्ट, काळा कोट आणि डोक्यावर गोल टोपी घातलेला एक काटकुळा माणूस आला, दिव्याकडे बघत उभा राहिला आणि म्हणाला, "खोबऱ्याचं तेल घालता ना? रॉकेल नाही ना?"

आई घाबरली. मान हलवली. मग ते माझ्याकडे वळले. "तू शिकतेस?"

"हो. आठवीत."

"शनिवारी दुपारी, जेवण झाल्यावर. स्टेशनामागे ताडाखालची खोली. पोचलं?"

मला वाटलं, सामान पोचलं का म्हणून विचारतायत. मी म्हटलं, "अजून एक ट्रंक यायचीय." त्यांनी असं काही बघितलं माझ्याकडे, की बस्स.

हे 'पोचलं?' म्हणजे त्यांचं 'समजलं?' तारेवर आयुष्य गेल्याची ती सवय होती. काहीही सांगितलं की शेवटी 'पोचलं?' विचारायचे, आणि आम्ही 'पोचलं' म्हणेपर्यंत पुढचं बोलायचे नाहीत. नुसती मान डोलावलेली चालायची नाही. एकदा मी चिडून म्हटलं, "मास्तर, सारखं काय ते पोचलं पोचलं? आम्ही काय बहिरे आहोत?"

तर म्हणाले, "मी इथून हाणतो कट्ट-कड कट्ट-कड. मला काय माहीत तार मध्येच तुटलीय की समोरचा झोपलाय? समोरच्या स्टेशनानं 'मिळालं' म्हणून उलटी खूण दिली तर ते पोचलं. तोवर मी आपला हवेत बडबडतोय. पोचलं?"

"पोचलं," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

खोली एवढीशी होती. दाराच्या चौकटीला मेझुझा, म्हणजे पवित्र वचनाची ती लहानशी नळी. आत एक खाट, एक बाकडं, छताला टांगलेला दिवा. आम्ही पोरं जमिनीवर सतरंजी टाकून बसायचो. ते आम्हाला प्रार्थना शिकवायचे, इब्रानी, म्हणजे हिब्रू, अक्षरं घोटून घ्यायचे, आणि चुकलं की बोटानं बाकड्यावर टकटक करायचे. त्यांच्या टकटकीत शिव्या असतात असं शालोमचं ठाम मत होतं. शालोम बोईसरचा. त्याचे वडील तारापूरच्या अणुवीज प्रकल्पावर फोरमन म्हणून आले होते, आणि पोरगा साइटवरच्या कामगारांत राहून अर्धं हिंदी बोलायला लागला होता. "अरे यार, ये मास्तर टकटक करके गाली देता है," असं माझ्या कानात कुजबुजायचा आणि मला हसू फुटायचं. मग दोघंही दाराबाहेर.

शाब्बाथच्या, म्हणजे आमच्या आठवड्याच्या पवित्र दिवसाच्या, बाबतीत तर विचारूच नका. शुक्रवारचा सूर्य मावळला की शनिवारचा मावळेपर्यंत विस्तवाला हात लावायचे नाहीत. एका शनिवारी शालोमनं नुसती काडी ओढून दाखवली, गंमत म्हणून, तर महिनाभर त्याला मंडळ बंद. दुसऱ्यांनाच असं नाही हं, स्वतःलाही तेच. एकदा शुक्रवारी मालगाडी घसरली म्हणून त्यांना स्टेशनातून सुटायला उशीर झाला, सूर्य मावळला. मी आईनं दिलेली भाजी घेऊन गेले तर हे अंधारात खाटेवर बसलेले. दिव्यात तेल घातलेलं, वात ठेवलेली, पण पेटवली नव्हती.

"अहो, लावा ना. देव काय लगेच काठी घेऊन येतोय?"

"वेळ टळल्यावर लावलेला दिवा देवासाठी नसतो गं. तो आपल्याला दिसावं म्हणून असतो."

मी ती भाजी अंधारात चाचपडत फळीवर ठेवली आणि चडफडत घरी आले. हे मुद्दाम सांगतेय, कारण पुढे जे झालं ते या माणसाच्या हातून झालं, हे ध्यानात ठेवायला हवं.

त्यांच्या बायकोची गोष्ट मला वडिलांनी सांगितली. वडिलांना ती दवाखान्यात औषधाला येणाऱ्या पोर्टरकडून कळली. आम्ही पालघरला यायच्या बऱ्याच आधीचं ते. भर पावसाळा, आणि शुक्रवारी सकाळी ती गेली. मूलबाळ नव्हतं. आमच्यात शाब्बाथला दफन करत नाहीत, आणि मयत तसं ठेवतही नाहीत, म्हणजे सूर्य मावळायच्या आत सगळं उरकायला हवं. मास्तर स्वतः तारेवर बसले आणि मुंबईला आमच्या मशिदीच्या लोकांना तार केली. आम्ही आमच्या प्रार्थनेच्या जागेला मशीदच म्हणायचो. 'बायको वारली. माणसं पाठवा.' गाड्या रखडत होत्या पण चालू होत्या, माणसं येऊ शकली असती. पलीकडून उत्तर नाही. परत पाठवली. उत्तर नाही. घरात मयत, आणि हा माणूस दुपारपर्यंत त्या यंत्रावर बोट आपटत बसला होता. शेवटी गँगमननी कुदळी-फावडी उचलली. सगळे डोंगराकडच्या पाड्यांवरचे गडी. शिरगावच्या वाटेला ताडांच्या रांगेपलीकडे एकानं आपल्या माळावरच्या वरकस, हलक्या जमिनीचा कोपरा दिला. तिथे त्या परक्या माणसांनी तिला मातीत ठेवलं. आमच्यातलं म्हणायला एकटे मास्तर.

गेलेल्या माणसासाठी आमच्यात कद्दीश म्हणतात. ती प्रार्थना एकट्यानं म्हणता येत नाही, तिला दहा यहुदी पुरुष हजर लागतात. ती राहिली. पुढे मास्तर मुंबईला गेले तेव्हा तिथले एक वडीलधारे गृहस्थ म्हणाले, तार आम्हाला मिळालीच नाही, आणि दहा माणसं नाहीत, कद्दीश नाही, हे काय दफन म्हणायचं? नुसतं झाकलंत तिला. मास्तर तसेच उठले, परतीची गाडी पकडली, आणि पुन्हा त्या मशिदीची पायरी चढले नाहीत.

"म्हणजे हे मंडळ-बिंडळ काही नाही बरं," वडील मला म्हणाले. "बायकोसाठी दहा माणसं गोळा करतोय तो. इथेच करणार, पालघरात. मुंबईच्या दारात जाणार नाही."

मला काय वाटलं असेल? मी पंधरा-सोळा वर्षांची. मला भयंकर राग आला. कारण दहांत मुली धरत नाहीत. म्हणजे मी इतकी वर्षं उन्हातान्हात जाऊन बसतेय, एलियाहू हन्नाबी या आमच्या पैगंबराच्या मलिद्याला, म्हणजे प्रसादाला, पोहे भिजवतेय, खोबरं किसतेय, गूळ चिरतेय, आणि मोजणीत मी नाहीच! दुसऱ्या शनिवारी मी तोंड फुगवून बसले. मास्तरांनी ते ओळखलं असणार. जाताना म्हणाले, "तुझ्या हातचा मलिदा तिच्या हातच्यासारखा होतो." एवढंच. 'पोचलं?' विचारलं नाही.

त्यांच्या खोलीवर आमच्याखेरीज येणारी एकच व्यक्ती, सातपाटीची हिरूबाई. डोक्यावर पाटी, तोंडात पानतंबाखू, आवाज असा की फलाटावरून ऐकू यावा. आमच्यात खवल्याचीच मासळी चालते, कोळंबी, खेकडे चालत नाहीत. हिरूबाईला ते बरोबर ठाऊक, तरी रोज मुद्दाम कोळंबी दाखवायची.

"मास्तर, बगा कोलंबी, कशी ताजी हाय. नाय? बरं ऱ्हायलं. काय बाई तुमचा देव! एवडा समुद्र केला आन् तुमाला खायाला पापलेट तेवडं ठेवलं."

"पापलेट काय कमी आहे का, हिरूबाई?"

"कमी नाय वो, महाग हाय!"

मास्तर हसलेले मी पाहिले ते फक्त हिरूबाईपुढे.

पुढे कॉलेज निघालं, तारापूरच्या प्रकल्पाचं काम वाढलं आणि बोईसरला आमची आणखी दोन-चार घरं आली. कुणी ड्राफ्ट्समन, कुणी वेल्डर. त्यांची पोरं मंडळात यायला लागली. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला गेले त्या साली मंडळात तेरा वर्षांवरचे, म्हणजे आमच्यात पुरुष म्हणून मोजले जाणारे, नऊ मुलगे झाले. दहावे मास्तर.

नंतर काय झालं ते आत्ताच सांगून टाकते, म्हणजे ते मनातून जाईल. मंडळ पुढे दोन-तीन वर्षं कसंबसं टिकलं. इस्रायलला जायची लाट आली होती. आधी शालोमचं घर गेलं, मग एकामागून एक. ज्या स्टेशनात मास्तर नोकरी करायचे त्याच स्टेशनातून सगळे गेले, पण निरोपाला ते कधी फलाटावर आले नाहीत. खिडकीतून त्यांची पाठ तेवढी दिसायची, यंत्रावर वाकलेली. मंडळ मोडल्यावर थोड्याच दिवसांत तेही वारले. तापानं, चार दिवसांत. ताडांपलीकडे बायकोच्या शेजारी पुरलं. आमच्यातली दहा माणसं नव्हती. दहाच्या जवळपासही नव्हती. माझे वडील, सफाळ्याचे एक गार्ड, स्टेशनातले लोक, आणि लांब उभी राहिलेली हिरूबाई. कद्दीश झाली नाही. मी इस्रायलला गेले नाही. का गेले नाही ते मला विचारू नका, दर वेळी मी वेगळं उत्तर देते.

आता त्या दसऱ्याचं. मला खरं तर एवढंच सांगायचं होतं.

आमच्या सणांत सगळ्यांत मोठा दारफाळणीचा सण. फाळणं म्हणजे लावणं. दार लावून, पांढरे कपडे घालून, दिवसभर पाण्याचा थेंब न घेता प्रार्थनेत बसायचं, कुणा परक्याला शिवायचं नाही, चांदण्या दिसल्या की उपास सोडायचा. दुसरा दिवस शिळ्या सणाचा, त्या दिवशी दानधर्म करायचा. आमच्या आज्या सांगायच्या, घरातली गेलेली माणसं दारफाळणीच्या आदल्या संध्याकाळी घरी येतात आणि शिळ्या सणाला परत जातात. पुस्तकात हे कुठे लिहिलंय म्हणून कुणी विचारत नसे. सगळे मानायचे.

या सणाला पालघर-बोईसरची आमची झाडून सगळी घरं मुंबईला नाहीतर ठाण्याला जायची. मागे राहायचे एकटे मास्तर, आपल्या खोलीत दार लावून.

त्या वर्षी श्रावणात त्यांनी जाहीर केलं, "यंदा मंडळाची दारफाळणी इथे, आपल्या खोलीत. दसऱ्याच्या दिवशी. मुलगे सगळे हवेत. पोचलं?"

"पोचलं," आम्ही एका सुरात म्हटलं.

मी घरी येऊन सांगितलं तर वडील जेवता जेवता थांबले. "दसऱ्याला? अगं, आपला सण यंदा तर गणपतीतच आहे."

झालं होतं असं. आमचं वर्षही चंद्रावर चालतं, हिंदूंचं पंचांगही चंद्रावर चालतं. आदल्या वर्षी आमचा सण दसऱ्याच्या लगतच आला होता. पण त्या वर्षी पंचांगात अधिक श्रावण घुसला आणि आमच्यात काही अधिक महिना नव्हता. त्यामुळे आमचा सण चांगला महिनाभर अलीकडे आला. मास्तरांकडे मुंबईचं छापील यहुदी कॅलेंडर नसायचं. ते घेतील कशाला? ते स्टेशनातलं पंचांग आणि आकाशातला चंद्र बघून हिशेब करायचे, आणि इतकी वर्षं तो बरोबर यायचा. या खेपेला अधिक महिन्यानं त्यांना चकवलं, असं आम्हाला वाटलं.

"सांग त्यांना," आई म्हणाली.

"मी नाही बाई सांगणार!"

कोण सांगणार? त्यांनी खोलीला स्वतःच्या हातानं चुना लावला होता. शिरगावहून मागून दोन जादा सतरंज्या आणल्या होत्या. नवा पांढरा सदरा शिवायला टाकला होता, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या बाकड्यावरच्या टकटकीला काहीतरी चाल होती. शेवटी शालोम छाती पुढे काढून म्हणाला, "मैं बोलता हूं. डरने का क्या है?" गेला. तासाभरानं परत आला तो पडलेल्या चेहऱ्यानं, आणि हाताला चुना लागलेला.

"सांगितलंस?"

"नाही यार. त्यांनी मला भिंत रंगवायला लावली. आणि सांगत होते, तिला चुन्याचा वास आवडायचा." मग जरा वेळानं म्हणाला, "दोनदा उपास केला तर मरतो का माणूस?"

तसंच ठरलं. गणपतीत सगळे आपापल्या आईबापांबरोबर मुंबई-ठाण्याला जाऊन खरी दारफाळणी करून आले. त्या आठवड्यात मंडळातलं एकही पोर पालघरात नव्हतं. एका शनिवारी गैरहजर राहिलं तर कारण विचारणाऱ्या मास्तरांनी आम्हाला एका शब्दानं विचारलं नाही, कुठे होतात म्हणून. आमच्या कुणाच्या ते लक्षातसुद्धा आलं नाही. उलट वाटलं, बरं झालं बाई, खोटं बोलावं लागलं नाही.

दसऱ्याला सगळे आले. बोईसरची पोरं पहाटे चालत-पळत पहिली गाडी पकडून आली. सगळे पांढऱ्या कपड्यांत. मी आणि सफाळ्याची एक मुलगी कोपऱ्यात. मास्तरांनी दार लावलं, कडी घातली, दिवा आदल्या संध्याकाळीच लावलेला होता. बाहेर गावात दसरा. झेंडूची तोरणं, सायकलींना हार, पोराटोरांचा गलका. घरमालकांची सून आपट्याची पानं घेऊन आली आणि दार वाजवायला लागली. "मास्तर, सोनं घ्या! अवो मास्तर, घरात हाय का नाय?" आत आम्ही श्वास रोखून बसलेले. दार उघडायचं नसतं. ती बिचारी पानं उंबऱ्यावर ठेवून गेली.

दुपार झाली. उकाडा असा की भिंतीच्या चुन्याचा वास नाकात बसलेला. एक मुलगा चक्कर येऊन आडवा झाला, त्याला पंखा घातला. शालोमच्या पोटातले आवाज सगळ्यांना ऐकू येत होते आणि कुणी हसत नव्हतं. मला मात्र आतून भडभडून येत होतं. इतकी पोरं, इतका उपास, आणि दिवसच खोटा. या म्हाताऱ्याला कधी कळलं तर काय होईल त्याचं? वेळ टळली म्हणून अंधारात बसणारा माणूस हा.

संध्याकाळच्या प्रार्थनेच्या आधी मास्तर उठले. "उभे राहा," म्हणाले. नऊ मुलगे उभे राहिले. मास्तरांनी सदरा नीट केला, एकेकाच्या तोंडाकडे बघितलं आणि कद्दीश सुरू केली. मशिदीत भराभर म्हणतात. हे एकेक शब्द सुटा करून म्हणत होते, मध्ये थांबून, नीट ऐकू जावा असा. उजव्या हाताचं बोट मांडीवर आपटत होतं. मुलगे जागच्या जागी आमेन म्हणत होते. शालोम रडत होता. संपल्यावर ते तसेच उभे राहिले, मान जरा कलती करून. मला वाटलं थकलेत. किती तरी वेळ कुणी बसेना, कारण ते बसेनात. मग बाहेर कुणीतरी ओरडलं, चांदणी दिसली, आणि आम्ही दार उघडलं. उंबऱ्यावर ती आपट्याची पानं सुकून पडली होती.

दुसऱ्या दिवशी, त्यांच्या हिशेबानं शिळा सण, आईनं माझ्याकडे पुऱ्या दिल्या. बाजाराच्या तोंडाशी हिरूबाई भेटली.

"काय गो, उगडलं का मास्तरांचं दार? काल बी बंद, गेल्या म्हयन्यात बी बंद. तुमचा देव दर म्हयन्याला कडी लावाया सांगतो का काय?"

"गेल्या महिन्यात? गेल्या महिन्यात कशाला बंद असेल?"

"अगो, गौरी गेल्या ना, त्याच्या फुडल्या दिसांत. मी पापलेट घेऊन गेलेली. हाका मारून घसा बसला. खिडकीच्या फटीतून बगते तं हा आपला पांडरे कपडे घालून बसलेला. आन् बोलत होता. कोन नाय खोलीत, आन् याचं आपलं बोलणं चालू! मी घाबरून पलाले. दुसऱ्या दिशी बोलवून मला नारळ दिला, लुगडं दिलं. म्हनतो, घे, आज आमच्यात द्यायाचं अस्तं."

मी पुऱ्यांचा डबा घेऊन तिथेच उभी राहिले. मग तडक स्टेशनामागे गेले. ते सतरंज्यांच्या घड्या घालत होते.

"मास्तर, तुम्हाला माहीत होतं."

त्यांनी घडी पूर्ण केली. "तुम्हालाही माहीत होतं. शालोमला खोटं बोलता येत नाही. भिंत रंगवताना माझ्याकडे बघत नव्हता."

"मग का केलंत हे? सगळ्यांना उपाशी का मारलंत?" माझा आवाज चढला होता. "कद्दीश काय, कुठल्याही शनिवारी म्हटली असती! नऊ पोरांना सरळ सांगितलं असतंत, कुणी नाही म्हटलं असतं?"

"शनिवारी कुणासाठी म्हणू? ती घरी नसते. ती वर्षातून एकदाच येते," मास्तर म्हणाले. "आणि ती येते त्या दिवशी तुम्ही सगळे मुंबईला. दर वर्षी. आईबापांबरोबर जायलाच हवं, मी कोण अडवणारा? दसऱ्याला कॉलेज बंद, शाळा बंद. तेव्हा म्हटलं..." ते खाटेवर बसले. "गेल्या महिन्यात ती आली तेव्हा मी तिला सांगितलं. म्हटलं, यंदा शिळ्या सणाला परत जाऊ नकोस. महिनाभर थांब. मी दहा माणसं आणतो."

मी डबा खाली ठेवला.

"वेळ टळल्यावर लावलेला दिवा आहे हा. मला कळत नाही असं समजू नकोस," ते म्हणाले. मग जन्मभर जो शब्द ते आमच्या अंगावर फेकत आले, तोच हळू आवाजात म्हणाले. या वेळी खरंच विचारत होते. "पोचलं असेल का गं?"

"पोचलं, मास्तर," मी म्हटलं. मी रडत होते. "शप्पथ सांगते, नक्की पोचलं."

त्यांनी मान हलवली. "तू कशी सांगणार? तू इकडच्याच टोकाला आहेस."

टोपी घातली, कोट चढवला आणि ड्युटीवर गेले.

आता पालघरात आमच्यातलं कुणी नाही, मीच एक. ताडांच्या रांगेपलीकडे ती दोघं शेजारी शेजारी आहेत. त्या दसऱ्याचं तिला पोचलं की नाही, हे एव्हाना मास्तरांना कळलं असेल. मला मात्र अजून कुणी कळवलेलं नाही.